सलाईन संपलं तेव्हा

१९७१ च्या जून महिन्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या सरकारी रुग्णालयात पटकीचे (कॉलराचे) रुग्ण जमिनीवर झोपवले होते. खाटा केव्हाच भरल्या होत्या. सलाईन लावायचं तर डॉक्टरला त्या ओल्या, घाण झालेल्या जमिनीवर गुडघे टेकावे लागत, आणि सुकलेल्या हातात शीर शोधावी लागे. पटकीत रक्तदाब इतका उतरतो की शीर बोटाला लागत नाही. शीर सापडेपर्यंत शेजारचा रुग्ण दगावलेला असायचा.

त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली आणि माणसं सीमेकडे निघाली. चालत, बैलगाडीतून, होड्यांमधून. वर्षअखेरपर्यंत भारतात आलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. बनगाव अगदी सीमेला लागून असलेलं गाव. एवढ्या माणसांना ना शौचालयं होती, ना प्यायचं शुद्ध पाणी. तंबू पुरले नाहीत तेव्हा लोक सिमेंटच्या मोठ्या नळ्यांमध्ये संसार मांडून राहिले. त्यात पावसाळा सुरू झाला आणि छावण्यांमध्ये पटकी पसरली. उपाशीपोटी शेकडो मैल चालून आलेली लहान मुलं सगळ्यांत आधी कोसळू लागली.

डॉ. दिलीप महालनोबिस जूनच्या अखेरीस तिथे पोहोचले. वय छत्तीस. बालरोगतज्ज्ञ. त्यांचा जन्म किशोरगंजचा, म्हणजे ज्या भूमीतून हे निर्वासित येत होते तिथलाच. लंडनमध्ये मुलांच्या रुग्णालयात काम करून ते परत आले होते आणि कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात जुलाब आणि पटकीवर काम करत होते. बनगावला आल्यावर दोन दिवसांत त्यांना कळून चुकलं की ही लढाई हातातून चालली आहे. सलाईनचा साठा संपत आला होता आणि शिरेत सुई घालू शकणारी त्यांच्या पथकात दोनच माणसं होती. रुग्णालयात येणाऱ्या शंभरांतले तीसेक मरत होते.

पुढे त्यांनी जो निर्णय घेतला, त्याचा पाया दुसऱ्यांनी घातला होता. त्या पायाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली, आणि त्यातली बरीच वर्षं वाया गेली.

पटकी माणसाला मारते ती जंतूंच्या विषाने, असं वाटणं साहजिक आहे. पण माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. हे १८३१-३२ मध्येच एका तरुण डॉक्टरने ओळखलं होतं. विल्यम ब्रुक ओशॉघ्नेसी याने इंग्लंडच्या साथीत रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व मीठ कमी झालंय, तेच परत भरायला हवं, असं लिहिलं. (हाच माणूस पुढे कलकत्त्याला आला आणि भारतात तारायंत्राच्या तारा टाकण्याचं काम त्याच्याच देखरेखीखाली झालं.) ते वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅटाने १८३२ मध्ये एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. अर्ध्या तासात तिचे खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली. लॅटा दुसऱ्या रुग्णाकडे गेला. मागे जुलाब चालूच राहिले, पाणी पुन्हा कुणी भरलं नाही, आणि बाई काही तासांत गेली. गेलेलं पाणी एकदा भरून भागत नाही, जात राहील तोवर भरत राहावं लागतं. हा धडा त्याच दिवशी समोर होता. पण साथ ओसरली, लॅटा पुढच्या वर्षी वारला आणि ही पद्धत विस्मृतीत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने ती पुन्हा हातात घेतली आणि पटकीचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

मधल्या काळात आपल्याकडे काय झालं, हे वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वाटेवर पटकीने किती वारकरी नेले, याच्या नोंदी इंग्रजी अमदानीतल्या सरकारी कागदांत आहेत. गावोगाव मरीआईला साकडं घातलं जाई. जुलाब-उलट्या झालेल्या माणसाला पाणी देऊ नये, दिलं की वाढतं, ही समजूत तेव्हा घट्ट होती. डॉक्टरही फार वेगळं सांगत नसत. पोटाला विश्रांती द्या, असा त्यांचा सल्ला असे. विश्रांती म्हणजे उपवास. तान्ह्या मुलांचंही दूध तोडलं जाई.

पाणी तोंडानेच का देऊ नये, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो सुटत नव्हता, कारण पटकीच्या रुग्णाला नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही, उलट जुलाब वाढतात. त्यामुळे आतड्याचं अस्तरच झडून जात असावं, अशी समजूत होती. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी झिरपतं. दुसऱ्याच वर्षी प्राग इथे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने साखरेच्या शोषणाचा नवा विचार मांडला. लहान आतड्याच्या भिंतीत असं एक दार आहे, जे मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. पटकीचं विष बाकी बरंच काही बिघडवतं, पण हे दार शाबूत राहतं.

इथे एक नाव मुद्दाम घ्यायला हवं. कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये, म्हणजे क्रेनच्या सात वर्षं आधी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की पटकीच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केलं. उलट्या थांबवायला ते एका पाल्याचा रस देत. त्यांनी किती पाणी पाजलं आणि किती बाहेर पडलं याचं मोजमाप दिलेलं नव्हतं, आणि ते का लागू पडतं हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लेख छापला गेला आणि बाजूला पडला. मोजमाप नसलेला दावा शास्त्राने लगेच मान्य करू नये, हे मला पटतं. पण तो पुन्हा तपासून पाहायलाही कुणी पुढे आलं नाही, याचं दुःख होतं. त्या पंधरा वर्षांत किती मुलं गेली असतील.

साठच्या दशकात अमेरिकन नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी मनिलामध्ये ग्लुकोज-मिठाचं पाणी देऊन पाहिलं. ते फार तीव्र होतं. काही रुग्ण दगावले आणि फिलिप्स यांनी या उपचाराचा धसका घेतला. पुढे ते ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याच प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश हे पंचविशी-तिशीतले दोन डॉक्टर होते. आधीचे प्रयोग का फसले याचा त्यांनी छडा लावला. तिथे रुग्णाला मधोमध भोक असलेल्या खाटेवर झोपवत आणि खाली बादली ठेवत. बादलीत जितकं पडेल तितकं मोजायचं आणि तितकंच परत पाजायचं, एवढं या दोघांनी काटेकोरपणे केलं. १९६८ मध्ये त्यांनी २९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रावाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली होती. कलकत्त्यातल्या संशोधकांनाही त्याच सुमारास तसाच अनुभव आला.

म्हणजे १९७१ साली उपाय माहीत होता. पण तो माहीत होता प्रयोगशाळेपुरता. प्रशिक्षित परिचारिका, दर काही तासांनी मोजमाप, शेजारी डॉक्टर हजर, अशा ठिकाणी तो सिद्ध झाला होता. चिखलातल्या छावणीत, अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांच्या हाती तो द्यावा, असं कुणी म्हटलं असतं तर बहुतेक तज्ज्ञांनी नकारार्थी मान हलवली असती.

महालनोबिसांनी तो दिला. दुसरा पर्यायच नव्हता, असं ते पुढे सांगत. पण पर्याय नसतानाही नियमावलीआड बसणारे लोक असतात, म्हणून मी याला धाडस म्हणतो.

कलकत्त्यातल्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या बांधायचं काम सुरू झालं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियम त्यात नव्हतं. जे बाजारात सहज आणि स्वस्त मिळतं तेवढंच घ्यायचं ठरलं होतं. वजन करून जिन्नस प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे आणि पिशवीचं तोंड कपड्याच्या इस्त्रीने चिकटवायचं. एका लिटरच्या जिन्नसांना ११ पैसे पडले. बनगावला त्या पुड्या पिंपात घालून पाणी ढवळत. पिंपाला खाली तोटी. रुग्णाच्या आईने, नवऱ्याने, भावाने पेला घेऊन यायचं, भरून न्यायचं आणि पाजत राहायचं.

याला काय म्हणायचं? लोकांचा विश्वास सुईवर होता, साखर-मिठाच्या पाण्यावर नव्हता. म्हणून त्याला तोंडाने घ्यायचं सलाईन म्हटलं. बांगलादेशात आजही त्याला खाबार सॅलाइन म्हणतात. जे पार निपचित पडलेले होते, ज्यांना गिळता येत नव्हतं, त्यांच्यासाठी शिल्लक बाटल्या राखून ठेवल्या. ते थोडे सावध झाले, घोट घेऊ लागले की त्यांच्याही हाती पेला.

आठेक आठवड्यांत तिथे सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आकडा कोरडा वाटतो, पण त्याचा अर्थ असा की पूर्वी जिथे दहांतले तीन जात होते, तिथे आता तिसांत एखादाच जात होता. ही किमया कुठल्या नव्या औषधाने झाली नव्हती. पाजणारे हात बदलले होते. आपल्या लेकराशेजारी रात्रभर बसणारी आई, त्याने मान फिरवली तरी दोन मिनिटांनी पुन्हा चमचा पुढे करणारी आई, हे काम कोणत्याही परिचारिकेपेक्षा चांगलं करते. महालनोबिसांनी मातृत्वाचं कौतुक केलं नाही, त्यांनी त्याच्यावर जबाबदारी सोपवली, आणि त्यांचा भरवसा खरा ठरला.

जागतिक आरोग्य संघटनेत धीमान बरुआ हे पटकीचे जाणकार अधिकारी होते. ते बनगावला येऊन हे डोळ्यांनी पाहून गेले आणि या पाण्याची कृती गुप्त रेडिओ केंद्रावरून सीमेपलीकडे सांगितली जाईल अशी व्यवस्था त्यांनी केली. जगभरच्या डॉक्टरांना पटवायला मात्र वेळ लागला. महालनोबिसांचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पटकीचं ठीक, पण लहान मुलांच्या साध्या जुलाबाचं काय, ही पुढची शंका होती. मुलांच्या जुलाबात क्षार तितके जात नाहीत. मग जास्त मीठ पोटात गेलं तर? त्याच १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या जुलाबांमागचा रोटाव्हायरस शोधून काढला, आणि या मुलांचा आजार पटकीहून वेगळा आहे हे अधिकच ठळक झालं. शंका फेडली ती नॉर्बर्ट हर्शहॉर्न यांच्यासारख्यांनी. ॲरिझोनातल्या अपाची जमातीच्या मुलांना त्यांनी हवं तेवढं द्रावण पिऊ दिलं. पाणी कमी झालेलं मूल अधाशासारखं पितं, पुरेसं झालं की आपणच थांबतं, असं त्यांना दिसलं. तहान हे लेकराच्या अंगातलंच मोजमाप आहे. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने मीठ-साखरेच्या या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. चॅटर्जींचा लेख छापून पंचवीस वर्षं झाली होती.

पण पुडी कारखान्यात तयार होते, आणि मूल आजारी पडतं ते रात्री, नदीपलीकडच्या खेड्यात. नव्या बांगलादेशात फझले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने मग पुडीशिवाय जायचं ठरवलं. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत पोहोचल्या. त्या आईशेजारी बसायच्या, शिकवायच्या आणि तिच्याच हातून करवून घ्यायच्या. महिन्याभराने दुसरा तपासनीस काही निवडक घरी जाई, आईला पुन्हा करायला लावी, आणि तो नमुना मिठाचं प्रमाण पाहायला प्रयोगशाळेत जाई. आईला जितकं आठवत असेल आणि जितकं बिनचूक जमत असेल, त्यावर त्या कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. किती घरं केली याला पैसे नव्हते; घरात काय उरलं याला होते. आपल्याकडच्या किती आरोग्य मोहिमा असा हिशेब ठेवतात?

तरी सुरुवातीला निराशा झाली. बायकांना कृती तोंडपाठ, पण वापर थोडा. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता; घरी कुणाला जुलाब झाले तर त्या स्वतः दुसरी औषधं घेत. आणि घरातल्या पुरुषांशी तर कुणी बोललंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन सुकलेली मुलं या पाण्याने उठून बसताना दाखवली. मशिदीत, बाजारात पुरुषांच्या बैठका घेतल्या. विश्वास असा एकेक पायरी चढून आला. इजिप्तने याच दशकात दूरदर्शनचा आधार घेतला. करीमा मुख्तार ही तिथली लाडकी अभिनेत्री पडद्यावरून आयांना समजावून सांगू लागली. घराघरांत लिटरचं माप नसतं, म्हणून पुडीही २०० मिलिलिटरची केली.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं जुलाबाने मरत होती. आज ही संख्या साडेचार लाखांच्या खाली आहे. यात स्वच्छ पाणी, पोषण, लसीकरण यांचाही मोठा वाटा आहे, सगळं श्रेय पुडीला देणं बरोबर होणार नाही. रोटाव्हायरसची एक स्वस्त लस पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, आणि २०१९ पासून महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात या विषाणूवरची लस आहे. पुडीही सुधारली. २००२ मध्ये तिच्यातलं मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आलं. आताच्या पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. त्याने जुलाब आणि उलट्या आणखी कमी झाल्या. सोबत चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्यायची पद्धतही आली.

महालनोबिस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. तीनच महिन्यांनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. हयातीत त्यांचं नाव भारतात फार थोड्यांना माहीत होतं.

आणि आपण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच हे पाणी, म्हणजे ओआरएस, मिळालं होतं. झिंक तर तीसेक टक्क्यांना. बाकीच्यांना काय मिळतं, ते आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दवाखान्यात बसलं की दिसतं. पोराला दोन जुलाब झाले की बाप म्हणतो, डॉक्टर, सलाईन लावा. डॉक्टरही लावतो, कारण नाही लावलं तर तो बाप शेजारच्या दवाखान्यात जाईल. पेला धरून पिऊ शकणाऱ्या मुलाला सुई टोचणं हा उपचार नव्हे. दुसरीकडे गोड फळांची पेयं याच नावाखाली विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरं वापरायला बंदी केली, ती योग्यच झाली. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते.

म्हणून, ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मूल चिडचिडं झालं, घटाघटा पाणी मागतं आहे, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं पडलंय, लघवी कमी झाली आहे, डोळे आत गेलेत, तान्ह्याची टाळू खोल गेली आहे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जाते, तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय. पण यांची वाट पाहू नये. पहिल्या पातळ शौचापासूनच जलसंजीवनी, म्हणजे हेच ओआरएस, सुरू करावी. पुडीवर लिहिलंय तितक्याच, स्वच्छ पाण्यात ती सगळी एकदम विरघळवावी. अर्धी पुडी किंवा अंदाजाचं पाणी चालत नाही. चोवीस तासांनंतर उरलेलं टाकून द्यावं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धा ते एक लहान कप, त्याहून मोठ्याला एक ते दोन लहान कप पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावं. अंगावरचं दूध बंद करू नये, मऊ भात-वरण चालू ठेवावं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आणि मूल मलूल होऊन पडलं, डोळे उघडत नाही, पिऊ शकत नाही, सारखं ओकतं आहे, शौचातून रक्त जातंय किंवा जोराचा ताप आहे, तर घरी वेळ न काढता रुग्णालय गाठावं आणि पिऊ शकत असेल तर वाटेतही पाजत राहावं. तिथे सुई लागू शकते, आणि लागली तर ती लावायलाच हवी.

सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे या पुड्या फुकट मिळतात. आज जाऊन दोन आणून ठेवा.